वरची मूठ

दगड म्हणालात तरी मी रागावणार नाही. खाणीत मला माल म्हणत, परतूरच्या मोंढ्याच्या बाजारात गुरुजींचा दगड म्हणत, आणि आता जिथं आहे तिथल्या मुली मला काळोबा म्हणतात. मी मँगनीजच्या खनिजाचा मुठीएवढा तुकडा आहे. मला पहिल्यांदा उचलणाऱ्याचा हात जरासा खाली जातो आणि तो म्हणतो, "अरे, केवढा जड!" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते मला माझं नावच वाटतं. तोंड नसल्यामुळं आजवर मी नुसतं ऐकत आलो. आज थोडं बोलून घेतो.

माझा जन्म भंडाऱ्याकडच्या करवंदटोल्याच्या जमिनीत झाला. किती काळापूर्वी, ते सांगता येणार नाही. अंधारात वय मोजायला काही नसतं. शेजारी पांढरी गारगोटी होती, तांबडी माती होती, माझ्यासारखे काळे भाऊबंद होते. सगळे एकमेकांत गुंतलेले. कोण चांगला, कोण हलका, हा प्रश्न आमच्यात कधी आलाच नाही.

मग सुरुंग लागला आणि उजेड दिसला. माल निवडणाऱ्या एका बाईनं मला उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि ढिगाच्या अगदी वर ठेवून दिलं. चांगलं ते वर ठेवायचं, हे तिला कुणी शिकवलं नसेल. बाजारात मेथीच्या जुड्या लावणाराही तेच करतो.

ती खाण करवंद मिनरल्स नावाच्या कंपनीची. कंपनी शेअर बाजारात होती, पण एवढी लहान की काही दिवस तिचा एकही शेअर इकडचा तिकडं होत नसे. वार्षिक सभा झाली की आलेल्या भागधारकांना बसमध्ये घालून खाण दाखवायची तिची पद्धत. त्या बसमधून एकदा सोमेश्वर गुरुजी उतरले. परतूरच्या शाळेत ते विज्ञान शिकवत. वर्गात शिरावं तसे ते ढिगात शिरले. सुपरवायझर वसंता त्यांना म्हणाला, "गुरुजी, आठवण म्हणून एखादा घेऊन जा जी. आवडल तो."

गुरुजींना मी आवडलो. त्यांनी मला सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि खिसा काळा झाला. मी हाताला लागतो, कपड्याला लागतो. तो माझा स्वभाव आहे. घरी पोचल्यावर त्या डागावरून त्यांच्या पत्नी वंदनाताई त्यांना जे बोलल्या, ते मी खिशातूनच ऐकलं. माझी आणि त्यांची ओळख अशी झाली.

दुसऱ्या दिवशी मी मोंढ्यात गेलो, भुजंगरावांच्या आडतीवर. भुजंगराव कापसाचे आडते. शेअर बाजार साडेतीनला बंद होतो. त्यानंतर चहा यायचा आणि बैठक बसायची. भुजंगराव, बँकेतून निवृत्त झालेले कडूबा सर, खताबियाण्याचं दुकान असलेला अंगद आणि गुरुजी. चौघांकडंही करवंदचे शेअर होते, आणि सगळ्यात जास्त गुरुजींकडं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "जालन्याच्या कारखान्यांत सळई बनते. सळईला मँगनीज लागतं. जोवर माणसं घरं बांधतील तोवर आपली खाण चालंल."

बैठकीत आधी नुसता गलका असायचा. गुरुजींनी मला टेबलावर ठेवलं आणि नियम केला, की हा दगड ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं. बाकीच्यांनी गप ऐकायचं. वर्गातली सवय, दुसरं काय! पण नियम टिकला. मी या हातातून त्या हातात फिरत राहिलो. भुजंगराव मला धरायच्या आधी फडकं घ्यायचे, कारण काळ्या हातानं कापसाला शिवता येत नाही. अंगद मला हातावर उडवायचा. सर बोलून झालं तरी मला सोडायचे नाहीत, मग बाकीचे ओरडायचे, "सर, दगड ठेवा!"

या सगळ्यांना एक सवय मात्र सारखीच लागली होती. शेअरचा भाव पडला की ते मला हातात तोलायचे. "माल बघा की! असा माल असल्यावर भाव जातो कुठं?" माझं वजन लागलं की त्यांना धीर यायचा.

मागच्या वर्षी शाळेच्या पायऱ्या चढताना गुरुजी खाली बसले, ते पुन्हा उठले नाहीत.

काही दिवस बैठक बसलीच नाही. मग बसली, पण तिचा सूर बदलला. "गुरुजी म्हणायचे" इथून बोलणं सुरू व्हायचं आणि "गुरुजींनी सांगितलंच होतं" इथं संपायचं. गुरुजी कधी चुकत नसत, कुणाला तोडून बोलत नसत, त्यांचा अंदाज म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सगळं मी ऐकत होतो. त्यांच्या खिशात राहिलेला मी, मला ते गुरुजी ओळखू येईनात.

थंडी सरता सरता एका दुपारी वंदनाताई आडतीच्या दाराशी चप्पल काढून आत आल्या. त्या बैठकीला तोवर बाई कधी आली नव्हती.

"या वहिनी, या," भुजंगराव उठले. "अंगद, खुर्ची दे."

"बसायला न्हाई आले, भाऊजी. ह्यांचे शेअर माझ्या नावावर झालेत. ते विकावं म्हणते. तुम्हाला सांगून विकावं म्हणून आले."

अंगदचा चहा कपातच राहिला. "सगळे, काकू?"

"गाळ्यापुरते तरी. स्टेशन रोडचा गाळा त्याचे मालक काकासाहेब मला द्यायला तयार झालेत. पाडव्यापर्यंत हो की न्हाई ते सांगायचंय. शिवणाचा क्लास आता घरच्या खोलीत मावत न्हाई. अन् ह्यांच्या नोकरीला पेन्शन नव्हती, ते तुम्हाला ठाऊकच आहे."

कडूबा सरांनी घसा साफ केला. "वहिनी, ह्या शेअरला गिऱ्हाईक कमी. तुम्ही मोठा माल बाजारात टाकला की भाव धाडकन खाली येणार. दिवसाच्या ठरलेल्या हद्दीपर्यंत पडला की तिथंच अडकतो. विकणाऱ्यांची रांग, घेणारा कोणीच न्हाई. मंग आम्ही सगळे आतच."

"अन् आत्ता विकणं म्हणजे बिलकुल येडेपणा!" अंगद पुढं सरकला. "शेजारच्या जमिनीची नवीन लीज मंजूर होऊन राह्यली. ग्रुपवर दोनशेचं टार्गेट आलंय."

"तुझ्या ग्रुपवर मागल्या साली बी दोनशेच आल्तं," सर म्हणाले. "तवा भाव साठ होता. आजबी साठच आहे."

"मधी भाव नव्वद झाला तवा विकले न्हाईत म्हणून जळून राह्यले तुम्ही, सर."

"नव्वदला मी विकले असते तर घेणारा तूच असता, गाढवा! तुला वाचवलं मी."

भुजंगराव हसले, मग वहिनींकडं बघून हसू गिळलं. "वहिनी, गुरुजींचा शब्द होता, की हा माल सोडायचा न्हाई. त्यांच्या शब्दासाठी तरी थांबा."

तेव्हा वंदनाताईंनी टेबलाजवळ येऊन मला उचललं. फडकं घेतलं नाही.

"हा ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं ना? घरी सांगायचे हे. मंग आता मी बोलते."

त्या मला धरून उभ्याच राहिल्या.

"विकू नका, असं म्हणायचे. बराबर. शेतातल्या बोअरला पाणी लागणार, असंही म्हणायचे. दोनदा खोदलं, दोन्ही वेळा धूळ उडाली. इस्त्री पाच मिनिटांत दुरुस्त करतो म्हणले, अन् घरातली वीज घालवली." कुणीतरी फिसकन हसलं आणि थांबलं. "हसा की. मी बी हसायचे. ते गेल्यापासून तुम्ही त्यांचं चांगलं तेवढंच सांगून राह्यले. मला तेवढं पुरत न्हाई, भाऊजी. मी सगळ्या माणसासंगं संसार केला."

 नेमका तेव्हाच बाहेर कापसाचा टेम्पो येऊन थांबला. भुजंगरावांची सुटका झाली. ते बाहेर गेले, शेतकऱ्याला रामराम केला आणि सदऱ्याची बाही वर सारली. वरचा पांढराशुभ्र कापूस त्यांनी हातानं बाजूला लोटला. मग खांद्यापर्यंत हात आत घालून मधली मूठ बाहेर ओढली. बोटांत धागा ताणून पाहिला, किडकी कवडी चिमटली, सरकी दातांत धरली. "मधात ओल आहे, पाटील," ते म्हणाले. शेतकरी हसला. दोघांनाही हे आधीच माहीत होतं. भाव ठरला.

हात झटकत भुजंगराव आत आले आणि सवयीनं माझ्यासाठी हात पुढं केला. "तरी पण वहिनी, हा दगड बघा. काय वजन आहे! असल्या मालाची कंपनी..."

वंदनाताईंनी मला दिलं नाही. त्या टेम्पोकडं बघत होत्या.

"भाऊजी, हा दगड ढिगातला कुठला?"

"म्हणजे?"

"वरचा का मधला?"

भुजंगरावांचा हात तसाच राहिला. बाहीवर कापसाचे पुंजके चिकटलेले होते. उभ्या जन्मात या माणसानं वरच्या मुठीवर भाव केला नव्हता. कुणाच्या सांगण्यावर, कुणाच्या शपथेवर, सख्ख्या मेव्हण्याच्या कापसावरसुद्धा नाही. आणि माझ्याबाबतीत हे विचारायचं त्यांनाच काय, कुणालाच सुचलं नव्हतं.

"ते... गुरुजींनी आणला, मंग आम्ही काय इचारणार," ते हळूच म्हणाले.

"मी जाऊन येते," वंदनाताई म्हणाल्या.

"कुठं?" अंगदनं विचारलं.

"खाणीवर."

"काकू, कंपनीचा रिपोर्ट निघतो की दरवर्षी! पीडीएफ पाठवतो मोबाईलवर."

"पीडीएफमधी हात घालता येत असल तर पाठव."

कंपनीनं सहजासहजी परवानगी दिली नाही. वंदनाताईंनी मेल केला, उत्तर आलं नाही. फोन केला, कुणीतरी सोमवारी करा म्हणालं. त्यांनी सोमवारी केला. मंगळवारीही केला. शेवटी तिकडचा माणूस कंटाळून म्हणाला, "या बाई, या एकदा."

मला रुमालात बांधून त्यांनी पर्समध्ये ठेवलं. आधी रेल्वे, मग बस, मग खाणीच्या रस्त्यावर ट्रकांची धूळ. किती वर्षांनी मी माझ्या गावी चाललो होतो! वाटेत त्यांनी डबा खाल्ला, खिडकीतून बाहेर बघितलं, कुणाशी बोलल्या नाहीत. एकदा फक्त पर्समध्ये हात घालून मी जागेवर आहे का ते चाचपलं.

वसंता तोच होता, केस तेवढे पिकले होते. रुमाल सोडल्याबरोबर त्यानं मला ओळखलं. "हा तर परतूरच्या गुरुजींचा! कसे आहेत जी?"

वंदनाताईंनी सांगितलं. वसंतानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.  मग वंदनाताई म्हणाल्या, "मला ह्या ढिगात हात घालायचाय."

"हात काळे होतील, मॅडम."

"साबण आणलाय."

त्यांनी बांगड्या वर सारल्या आणि ढिगाच्या कमरेशी, मधोमध, हात घातला. खडी घसरली, धूळ उडाली. कोपरापर्यंत हात गेल्यावर त्यांनी मूठ वळली आणि बाहेर ओढली.

मी माझे भाऊबंद पाहिले. दोन काळे होते, पण माझ्याइतके नाहीत. एक तपकिरी. एकाच्या पोटात पांढरी गारगोटी अडकलेली. बाकी तांबडी माती. वंदनाताईंनी एका हातात मला घेतलं आणि दुसऱ्या हातात ती मूठ. किती तरी वेळ त्या दोन्ही हात तोलत राहिल्या.

"मधात असाच राहते जी माल," वसंता म्हणाला. "सगळा मिळूनच कारखान्यात जाते. चालते. दर महिन्याला ट्रक निघतात."

"मंग ह्यांना हा एकटाच का दिला?"

"आम्ही कुठं दिला जी? आम्ही म्हटलं, आवडल तो घ्या. गुरुजी एकेका ढिगावर चढले. अर्धा घंटा शोधत होते. बस सुटून राह्यली, डायव्हर हॉर्न मारून राह्यला, लोक खिडकीतून ओरडून राह्यले, अन् गुरुजी हा उचलून बघतात, तो टाकून देतात. शेवटी हा सापडला तवा लहान पोरासारखे पळत आले."

वंदनाताई हसल्या. मोठ्यानं, थांबता येईना असं हसल्या. गुरुजी गेल्यानंतर ते हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. दोन्ही हात भरलेले, म्हणून त्यांनी डोळे दंडाला पुसले, आणि गालावर काळा पट्टा उमटला.

"असेच होते ते," त्या म्हणाल्या. "लग्नाची साडी घ्यायला गेल्ते, तर दुकान बंद व्हायची वेळ केली होती."

मग त्यांनी नवीन लीजची जागा बघायला मागितली. वसंता जरा घुटमळला, पण त्यानं दाखवली. तारेचं कुंपण, गंजलेली पाटी, आत पळसाची झाडं आणि चरणाऱ्या शेळ्या. "कागद अडकलाय जी," तो म्हणाला. "होईल कधीतरी." कंपनीनं काही लपवलं नव्हतं, आणि कुणी दोनशेचं वचनही दिलं नव्हतं. ते सगळं परतूरला बसून चौघांनी आपल्या मनानं रचलं होतं, मला हातात धरून.

परतल्यावर वंदनाताईंनी बैठकीच्या टेबलावर रुमाल सोडला. मधली मूठ एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला.

"ही मधली. मी माझ्या हातानं काढली. खाण चालू आहे, ट्रक निघून राह्यलेत. नवीन जमिनीत अजून शेळ्या चरतात. हा दगड ह्यांनी अर्धा घंटा शोधून आणला. आता बोला काय बोलायचं ते. मी सोमवारपासून विकणार. थोडे थोडे, गाळ्यापुरते. बाकीचे ठेवणार. आधी सांगितलं, कारण तुमचंबी त्यात आहे."

अंगद त्या मुठीकडं बघत राहिला. मग फोन खिशात घालून निघून गेला.

दुसऱ्याच दिवशी, सोमवार यायच्या आधी, त्यानं आपले सगळे शेअर विकायला काढले. भाव हद्दीपर्यंत पडला. पुढच्या दिवशी पुन्हा पडला. पाडवा जवळ येत होता आणि काकासाहेबांकडं गाळ्यासाठी दुसरं गिऱ्हाईक येऊन बसलं होतं.

"वहिनी, सांगायलाच नको होतं तुम्ही," कडूबा सर हळहळले.

"न सांगता विकून मोकळी झाले असते, तर ह्या खोलीत परत कोणत्या तोंडानं आले असते? अंगदला लेकरंबाळं आहेत. त्यानं त्याचं बघितलं. मी माझं बघीन. सोमवार म्हणजे सोमवार."

 भुजंगरावांनी मधली मूठ जवळ ओढली. फडकं घेतलं नाही. कापूस पारखणाऱ्या त्या बोटांनी एकेक खडा चाचपला, गारगोटी नखानं खरवडली, माती तळहातावर चोळली. तळहात काळातांबडा झाला.

"मध्यम माल आहे," ते शेवटी म्हणाले. "असला माल मी जन्मभर घेत आलो. मध्यम माल पडून राहत न्हाई, वहिनी. त्याला त्याचा भाव असतो. सर, कर्ज किती आहे कंपनीवर?"

"जवळजवळ फिटलंय. तेवढं मी बराबर बघितलंय."

"मंग नव्वदची ही कंपनी न्हाई. पण आत्ता भाव पडलाय तेवढीबी वाईट न्हाई. बावन्नला मी घ्यायला उभा राहतो. गुरुजींसाठी न्हाई, हं. मूठ बघून."

"मीबी," सर म्हणाले. "थोडे."

सोमवारी बाजार उघडला तेव्हा बावन्नला घेणारे दोघं उभे होते. ते दिसल्यावर कुठले कुठले आणखी आले. भाव तिथंच थांबला. वंदनाताईंनी ठरवले होते तेवढेच शेअर विकले, एकही जास्त नाही. साठचे बावन्न झाले म्हणून गाळ्यातलं फर्निचर राहून गेलं. पण पाडव्याच्या आदल्या दिवशी किल्ली त्यांच्या हातात होती.

अंगद बरेच दिवस आला नाही. एक दिवस आला आणि कोपऱ्यात बसला. भुजंगरावांनी मधल्या मुठीची वाटी त्याच्यापुढं सरकवली. हो, आता बैठकीत ती वाटी फिरते. ज्याच्या हातात वाटी, त्यानं बोलायचं. अंगदनं वाटी धरली. "चहा सांगू का?" एवढंच म्हणाला. सर म्हणाले, "पहिल्यांदा काहीतरी कामाचं बोललास."

आणि मी? मी आता स्टेशन रोडच्या गाळ्यात असतो. कापड बेतताना ते सरकू नये म्हणून वंदनाताई मला त्याच्यावर ठेवतात. डाग पडू नये म्हणून त्यांनी मला जाड कापडाची खोळ शिवली आहे. एका जुन्या सदऱ्याच्या खिशाची. खिसा आधीच काळा होता, त्यामुळं आता कुणी कुणाला बोलत नाही.

परवा शालू नावाच्या एका नव्या मुलीनं मला उचललं आणि तिचा हात खाली गेला. "मॅडम, केवढा जड! कुठला हो हा?"

वंदनाताई खडूनं रेघ मारत होत्या. रेघ पुरी करून त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी आणला. बस सुटून राह्यली होती, अन् हे ढिगावर..." आणि त्यांनी सगळं सांगितलं. बोअरचं, इस्त्रीचं, साडीचंसुद्धा. मुलींची मशिनं थांबली. हसू सरेना.

गुरुजींनी मला निवडलं, याचा मला अजून अभिमान वाटतो. मी खोटा नव्हतो. मी फक्त वरचा होतो. माझ्यासारखा एखादा तुमच्याही टेबलावर येईल. त्याला हातात घ्या, त्याचं कौतुक करा, आणलेल्या माणसावर जीव लावा. पण भाव ठरवायच्या आधी बाही वर सारा.